लोणघाटचा जवान

पंजाबरावांच्या शेतात कापसाचा दुसरा वेचा चालू होता. सतरा बाया आणि एक गडी. गडी म्हणजे जब्बार. बाया आपापल्या ओळीच्या, तासाच्या शेवटाला पोचून परत फिरत, तेव्हा तो अर्ध्यातच असे. बोंडांच्या वाळक्या टोकांनी त्याची बोटं नखांजवळ फाटली होती. तेवीस वर्षं या बोटांनी लोकांच्या गाठोड्यांच्या गाठी सोडल्या होत्या, कापूस कधी वेचला नव्हता.

"जमादार, तुमच्या कापसात कचरा लय येऊन राह्यला," पंजाबराव बांधाच्या धुऱ्यावरून म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पण शेजारच्या दोन बायांनी पदर तोंडाला लावला.

"साफ करतो जी," जब्बार म्हणाला.

सुग्राबी, त्याची बायको, आपलं तास संपवून आली आणि त्याच्या तासाच्या दुसऱ्या टोकाकडून वेचू लागली. मधे दोघं भेटली. तिची ओटी भरलेली, त्याची कंबरेला रिकामी लोंबणारी.

जब्बार राहायचा पैनगंगेच्या अलीकडे, सावरगव्हाणला. नोकरी मात्र पलीकडे, लोणघाटच्या नाक्यावर. अलीकडे इंग्रजाचा वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. मधल्या नदीतून डोंग्यानं, गाडीनं जो माल जाई त्यावर जकात बसवायची ती करोडगिरी, आणि जब्बार त्या करोडगिरीचा जवान. मामानं लावून दिलेली नोकरी. खाकी कोट, कंबरेला पितळी बिल्ल्याचा पट्टा. पुढे इंग्रज गेला, निजामाचं राज्य गेलं, तरी नाका चालू होता. मग एक दिवस करोडगिरीच बंद झाली. नाक्याच्या मुख्यानं, दरोग्यानं सगळ्यांचे पट्टे जमा करून घेतले, हातात नोकरीचा दाखला म्हणून एकेक चिठ्ठी दिली आणि सांगितलं की नोकरीच रद्द झाल्यामुळे सरकार पेन्शन देईल, अर्ज करा. जब्बारनं अर्ज केला. चिठ्ठी अर्जाला जोडली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं की चिठ्ठीची नक्कल काढून ठेवायची असते.

त्यानंतर हैदराबादचं राज्यच फुटलं. अर्ज जिथे गेला होता ते करोडगिरीचं आदिलाबादचं मोठं ऑफिस आंध्रात गेलं. लोणघाट मुंबई राज्यात आलं, पण नांदेड जिल्ह्यात. सावरगव्हाण मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आलं, ते यवतमाळ जिल्ह्यात. जब्बार हे सगळं बोटांवर मोजून लक्षात ठेवायचा आणि तरी चुकायचा.

त्या दिवशी दुपारी कोतवाल शेतातच कागद घेऊन आला. आदिलाबादचा होता, उर्दूत. जब्बारनं उन्हाकडे पाठ करून वाचला.

"काय लिवलं?" सुग्राबीनं विचारलं.

"म्हणते, लोणघाट आता आमच्या राज्यात नाई. अर्ज मुंबई सरकारकडे करा. नाक्याचं हजेरीबुक सापडत नाई. आन मी तिथी नोकरीले होतो याचा त्या वक्ताचा सरकारी कागद द्या."

"चिठ्ठी देल्ली होती ना."

"तिचं नावच नाई याच्यात."

सुग्राबीनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिचवला. "मंग तेवीस वर्सं माझ्या घरून रोज भाकर बांधून कोन जाये?"

जब्बारनं कागद घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवला. नांदेडला तो उन्हाळ्यात जाऊन आला होता. तिथल्या बाबूनं सांगितलं होतं, गाव आमच्याकडे आलं, नाका आला नाही, तो आधीच बंद झाला होता. जब्बार तीन दिवस त्या वाक्यावर विचार करत परत आला होता.

बाजाराच्या दिवशी तो वणीच्या कचेरीत गेला. पेन्शनीचे अर्ज पाहणारे कारकून भगवानराव. उंच, खोकणारे, शाईनं काळ्या झालेल्या बोटांचे. त्यांनी कागद घेतला, उलटसुलट केला आणि जब्बारकडूनच वाचून घेतला.

"बसा मियाँ," ते म्हणाले. "तुमची गोष्ट मला समजते आहे असं समजू नका. माझीच समजत नाही. मी मध्यप्रदेशाचा नोकर. एक नोव्हेंबरला सकाळी उठलो तो मुंबई राज्याचा झालो. माझं सर्व्हिसबुक नागपूरहून निघालं, मुंबईला पोचलं नाही. माझ्या मागून लागलेले लोक यादीत माझ्या वर बसले. कोणी म्हणतं पंचावन्नाला घरी पाठवतील, कोणी म्हणतं अठ्ठावन्नाला. मुलीचं लग्न कोणत्या साली धरू ते ठरवता येत नाही."

"तुमचं असं, तं माझं काय होईल जी?"

भगवानराव थोडा वेळ खोकले. मग म्हणाले, "तुम्ही माल पकडत होतात. खटले झाले असतील."

"झाले. आदिलाबादच्या कोर्टात."

"निकालाची नक्कल आरोपीला मिळते. तिच्यात पकडणाऱ्याचं नाव, हुद्दा, नाका, तारीख, सगळं असतं. तो सरकारी कागद. एक नक्कल आणा. आणि तो माणूस स्वतः येऊन हेच ते जवान म्हणून सही करून गेला, तर तुमच्या अर्जाला पाय फुटतील."

"ज्याले पकडलं, त्यालेच आनू?"

"तुम्ही तिथे होतात हे दुसरं कोण सांगणार?"

जब्बार घरी येईपर्यंत आठवत राहिला. एक आरोपी मेला होता. दोघं आंध्रात कुठे गेले कोणाला ठाऊक नव्हतं. एक होता, चार कोसांवर, जांभुळडोहला. उकंडा त्याचं नाव. ते नाव आठवलं तेव्हा जब्बारला वाटलं, तोही मेला असता तर बरं झालं असतं. मग त्यानं मनातल्या मनात तौबा केली.

दोन दिवस तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी सुग्राबीनंच त्याचा सदरा धुऊन वाळत टाकला.

जांभुळडोहच्या टोकाला उकंडाचं घर होतं. गेल्या वर्षी नागपूरला जाऊन त्या वस्तीतल्या सगळ्यांनी बुद्धधर्म घेतला होता आणि घरांच्या भिंतींना निळा रंग दिला होता. उकंडा अंगणात बांबू चिरून कमच्या काढत बसला होता. साठीला आलेला, मान एका बाजूला कललेली. त्यानं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि जब्बार अंगणाच्या कडेलाच थांबला.

"लोणघाटचे जमादार ना तुमी?" उकंडा उठला. "या. मथुरा, पानी आन वं. जमादार आले."

त्याची बायको मथुराबाई तांब्या घेऊन आली. उकंडा तिला म्हणाला, "हेच ते. मले पकडलं त्या दिवसी याईनंच पानी पाजलं होतं. दरोगा लाता मारे, आन हे मागून तांब्या घेऊन आले. मी सांगतो ना तुले नेहमी."

जब्बार पाणी प्याला. पाणी त्यानं खरंच पाजलं होतं. आतापर्यंत त्याला ते आठवलंही नव्हतं.

त्यानं कामाचं सांगितलं. अडखळत, मागचं पुढे करून. उकंडानं ऐकलं आणि घरातून एक पत्र्याची डबी आणली. तिच्यात फडक्यात गुंडाळलेला कागद होता. घड्यांवर फाटलेला.

"बारा वर्सं झाले. कोर्टाचा चपराशी म्हने, जपून ठेव. ठेवला. काय लिवलं हाय मले मालूम नाई."

"कोनाकडून वाचून नाई घेतलं?"

"सजा झाल्याचा कागद कोनाले दाखवते, जमादार? अन् तिथी जे बोलले ते सारं उर्दूत. मले एवढंच समजलं का गाडी-बैल गेले. तुमी आले तं वाचा आता. काय म्हने थो साहेब?"

जब्बारनं कागद उलगडला. वर निजामाच्या कचेऱ्यांतलं फसली सन, महिना. मुलजिम, म्हणजे आरोपी, उकंडा वल्द सोमा. गवाह, म्हणजे साक्षीदार, नंबर एक, जब्बार खाँ वल्द करीम खाँ, जवान करोडगिरी, नाका लोणघाट. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, त्याचा हुद्दा. दोन राज्यांत फिरून जे मिळालं नाही ते इथे, बांबूच्या ढिगाऱ्यापाशी. त्याला बरं वाटलं, आणि लगेच खालच्या ओळी दिसल्या.

गवाह हलफेवर, म्हणजे शपथेवर, सांगतो की गाडीत कापडाची तीन गाठोडी होती आणि मुलजिम ती विकण्यासाठी नेत होता.

गाठोडं एकच होतं. लढाईच्या दिवसांत कापड मिळत नव्हतं. उकंडा पलीकडच्या भाचीच्या लग्नासाठी वणीहून चार लुगडी आणि दोन धोतरं नेत होता. एका गाठोड्याला दंड होता. तीन म्हणजे व्यापार, आणि व्यापाराला गाडी-बैल जप्त. दरोग्याला त्या महिन्यात एक मोठा खटला दाखवायचा होता. त्यानं जब्बारला आदल्या दिवशी शिकवलं आणि जब्बार कोर्टात तसंच बोलला.

"काहून थांबले?" उकंडानं विचारलं.

"अक्षर पुसलं जी," जब्बार म्हणाला. "लिवलं हाय का दरोगासाहेबांनी मुलजिमाले पकडलं, माल जास्त निघाला, म्हनून गाडी जप्त. बस."

"जास्त कायचा? एकच तं होतं."

"दरोग्यानं सांगतलं तसं लिवलं."

उकंडानं मान हलवली. "मले वाटलंच. थो दरोगा खराब होता." मग म्हणाला, "सोमवारी येतो मी वणीले. तुमचं भलं होत असन तं कायले नाई येऊ?"

सोमवारी उकंडा पहाटेच निघून सावरगव्हाणला आला. धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडं. दोघं पायीच निघाले. वाटेत नाल्यापाशी उकंडानं शिदोरी सोडली आणि अर्धी भाकर जब्बारपुढे धरली. ज्वारीची भाकर, वर अंबाडीची भाजी. जब्बारनं ती घेऊन हातातच धरून ठेवली.

"मान कायनं वाकडी झाली?" विचारायचं म्हणून त्यानं विचारलं.

"कावडीनं. गाडी गेल्यावर मंग डोई-खांद्यावरच ना. वणीच्या बाजारात सात-आठ वर्सं लोकाईचा माल वाह्यला."

जब्बारनं हातातली भाकर परत शिदोरीच्या फडक्यात ठेवली.

कचेरीत भगवानरावांनी कागद पाहून मान डोलावली. "हाच पाहिजे होता. आता याचं मराठी करू. तुम्ही एकेक ओळ सांगा, मी लिहितो. गाळू नका काही. वर उर्दू जाणणारा तपासणारा बसतो, फरक निघाला तर अर्ज बाद होईल." मग उकंडाकडे पाहून म्हणाले, "बसा इथेच. शेवटी तुमची सही लागेल."

उकंडा टेबलाशेजारी जमिनीवर बसला. भगवानरावांनी बाकाकडे हात केला, तेव्हा उठून बाकावर बसला.

जब्बारला वाटलं, याला पाणी आणायला पाठवावं. वाटलं, म्हणावं की पोटात दुखतं, उद्या येतो. त्यानं यातलं काही केलं नाही. सन सांगितलं, महिना सांगितला. मुलजिमाचं नाव सांगितलं. गवाहाचं नाव सांगितलं.

"पुढे," भगवानराव म्हणाले.

"गवाह हलफेवर सांगतो का..." त्यानं कागदावरचं बोट खालच्या ओळीवर नेलं. "का गाडीत कापडाची तीन गाठोडी होती. आन मुलजिम ती विकाले नेत होता."

टाक कागदावर करकरत राहिला. "गवाह म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच."

उकंडानं मान आणखी वळवली, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. जब्बारनं उरलेल्या ओळी सांगितल्या. लिहून झालं. भगवानरावांनी कागद पुढे सरकवला, तेव्हा उकंडा उठला आणि बाहेर गेला.

कचेरीच्या आवारात चिंच होती. तो तिच्या बुंध्याशी उभा होता. जब्बार मागे जाऊन दोन हातांवर थांबला.

"त्या दिवसी घरी वाचलं तवा हे नाई वाचलं तुमी," उकंडा म्हणाला.

"नाई."

"दरोग्यानं सांगतलं म्हने."

"सांगतलं दरोग्यानंच. बोललो मी."

"काहून?"

बारा वर्षांपूर्वीचं कारण जब्बारला तेव्हा पुरेसं वाटलं होतं. आता ते सापडत नव्हतं. "नोकरी होती," तो म्हणाला. मग त्यालाच ते पुरेना. "भेव वाटलं. सारेच बोलत तसे. मले वाटलं, दंड होईल आन सुटान तुमी. गाडी जाईन असं नोतं वाटलं. नाई, वाटलं होतं. मले आता नाई सांगता येत."

"अन् लुगडे? लुगड्याईचं काय झालं?"

"दरोग्यानं वाटले. एक माझ्या घरी आलं."

उकंडानं त्याच्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर जब्बारला सोपं गेलं असतं. तो नुसता पाहत होता, एखादं माप पुन्हा मोजून पाहावं तसा.

"मी बारा वर्सं लोकाईले सांगत आलो," तो म्हणाला, "का त्याईच्यात एक मानूस चांगला होता."

मग तो परत कचेरीत गेला. जब्बार मागे गेला. उकंडानं बाकावर बसून टाक हातात घेतला आणि शिकलेल्या तीन अक्षरांची सही सावकाश केली. हाच तो जवान, मी याला ओळखतो, या ओळीखाली. सही करून त्यानं टाक खाली ठेवला नाही.

"साहेब, याईची नोकरी गेली तं सरकार भरपाई देते. माझी गाडी गेली, तिची कोन देते?"

भगवानरावांनी चष्मा काढला. "असा अर्ज माझ्याकडे आजवर आला नाही."

"आता आला म्हना."

"कोणाच्या नावानं करायचा तेही मला सांगता येत नाही. ज्या सरकारनं गाडी घेतली ते आता नाही."

"याईले पेन्शन देनारं सरकार कोनतं हाय? त्यालेच लिवा."

भगवानरावांनी एक कोरा कागद काढला आणि जब्बारपुढे ठेवला. चौथीपर्यंत मराठी शिकलेला होता तो. भगवानराव त्याच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "लिहा. पण तुमची साक्ष खोटी होती असं लिहू नका. दोन्ही कागद एकाच टपालानं जातील. तुमचं बुडेल."

जब्बारनं लिहिलं. करोडगिरीच्या लोकांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त माल दाखवल्यामुळे अर्जदाराची गाडी व दोन बैल जप्त झाले. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं.

"तुमचं नाव टाकलं?"

"नाई."

उकंडानं सही केली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि निघाला. जब्बार त्याच्या मागे निघाला होता, पण गावाबाहेर पडल्यावर उकंडा लांबच्या पांदीच्या वाटेनं वळला. जब्बार सरळ रस्त्यानं एकटा घरी आला.

सुग्राबीला त्यानं त्याच दिवशी सगळं सांगितलं. लुगड्याचंही. ते हिरवं होतं, तिनं सात वर्षं नेसलं होतं, आणि नवऱ्याला साहेबानं बक्षीस दिलं म्हणून शेजारणींना दाखवलं होतं. ती चुलीपुढे बसून राहिली.

"मले तवाच सांगतलं असतं," ती एवढंच म्हणाली.

"तं काय केलं असतं?"

"काय मालूम."

पावणेतीन वर्षं गेली. जब्बार कापूस वेचायला शिकला. दुसऱ्या वर्षी लोणघाट नांदेडातून निघून चांदा जिल्ह्यात गेलं आणि तीन महिने त्याचे कागद कुठे होते ते कोणालाच सांगता आलं नाही. मग मुंबई राज्यही फुटलं, महाराष्ट्र झाला. भगवानराव त्याच सुमारास घरी बसले. कोणत्या नियमानं बसवलं ते त्यांनाही नीट कळलं नाही. जाताना त्यांनी जब्बारच्या अर्जाचा आवक नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला.

त्या पावसाळ्याच्या शेवटी हुकूम आला. जब्बार खाँ वल्द करीम खाँ, माजी जवान, करोडगिरी, नाका लोणघाट. पेन्शन मंजूर. हुकूम आदिलाबादच्या जुन्या निकालाच्या आधारे काढला आहे, असं खाली लिहिलं होतं. सुग्राबीनं तो हातात घेतला, वाचता येत नव्हता तरी बराच वेळ पाहिला.

"जाऊन याल ना जांभुळडोहले?" तिनं विचारलं.

"कोन्या तोंडानं जाऊ?"

"मले काय मालूम. पन जा."

उकंडा घरीच होता. पाय सुजले म्हणून खाटेवर बसून होता. त्यानं या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मथुराबाई आत गेली, ती पाणी घेऊन आली नाही. जब्बार खाटेसमोर जमिनीवर बसला आणि पेन्शन मंजूर झाल्याचं सांगितलं.

"चांगलं झालं," उकंडा म्हणाला. उशीखालून त्यानं एक कागद काढला. "मले बी जवाब आला. शाळेच्या मास्तरनं वाचून देल्ला. पाहा, काही समजते का तुमाले."

मराठीतला छापील कागद होता. मधल्या रिकाम्या जागांत शाईनं भरलेलं. अर्जदाराची गाडी व बैल नेमक्या कोणत्या शासनाने व कोणाच्या साक्षीवरून जप्त केले, याचा खुलासा पुराव्यासह तीस दिवसांत करावा, अन्यथा अर्ज निकाली काढण्यात येईल.

जब्बारनं दोनदा वाचलं. तीस दिवसांतले नऊ गेले होते.

"आता तुमीच सांगा," उकंडा म्हणाला. "निजामाचं म्हनू, का हैदराबादचं, का आंध्राचं, का या नव्या महाराष्ट्राचं? मास्तरले बी नाई समजून राह्यलं. कोनतं सरकार होतं थे?"

बाहेर कोणी तरी ओल्या तुऱ्हाट्या भिंतीला टेकवून ठेवत होतं. जब्बारनं सदऱ्याच्या खिशातला स्वतःचा हुकूम चाचपला. त्यावरची शाई अजून नवी होती. हा कागद कालपर्यंत त्याच्याजवळ नव्हता, आणि उद्या राहील की नाही ते आता त्याच्याच हातात होतं. सुग्राबी काय म्हणेल याचा त्यानं अंदाज घेऊन पाहिला. आला नाही.

"सरकार कायचं, उकंडाजी," तो म्हणाला. "मी होतो. माझ्या साक्षीवरून गेली गाडी. एकच गाठोडं होतं, मी तीन सांगतले."

उकंडानं सुजलेला पाय हातानं उचलून खाटेवर आत घेतला आणि जब्बारला समोर बसायला जागा केली.

"मंग तसंच लिवा," तो म्हणाला.